कडधान्यं शिजत नाहीत, बाधतात, बेचव लागतात? या चुका टाळा

राजमा दोन तास चुलीवर आहे आणि तरी दाताखाली कचकन लागतो. काबुली चण्यांची सालं सुटून वर तरंगतायत, पण आतला गर कोरडाच. अशा वेळी आपण मसाल्याला, कुकरला, नाहीतर पाककृतीला दोष देतो. इतकी वर्षं रोज एक तरी कडधान्य शिजवल्यावर माझी खात्री झाली आहे, की चूक बहुतेक वेळा फोडणीच्या कितीतरी आधी घडलेली असते. डब्यात, भिजवण्याच्या पाण्यात, किंवा आंबट कधी घातलं यात.

डब्यातला जुना माल

वाळलेलं कडधान्य कितीही दिवस टिकतं असं आपण धरून चालतो. ते नासत नाही हे खरं, पण शिजण्याचा गुण मात्र हळूहळू गमावतं. दाण्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि दाणा मऊ होतो म्हणजे शिजताना हे पेक्टिन विरघळतं. उबदार, दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या दाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात. मग कितीही उकळा, दाणा सुटत नाही. म्हणून गॅसशेजारचं कपाट ही कडधान्य ठेवायची सर्वांत वाईट जागा. थंड, कोरड्या ठिकाणी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यावर आणल्याची तारीख लिहा आणि वर्षाच्या आत संपवा.

नवा माल जुन्यावर ओतू नका, हे मी एका फसलेल्या जेवणातून शिकले. पाहुणे येणार होते, डब्याच्या तळाशी थोडा राजमा उरलेला होता, त्यावरच नवा ओतला होता. शिजवल्यावर अर्धे दाणे फुटून लगदा झाले आणि अर्धे टणक राहिले. त्या भांड्याला कोणताच उपाय लागू पडत नाही, कारण एकाच वेळी दोघांना पुरेल असा वेळ नसतो.

गणंगांचं, म्हणजे कितीही शिजवलं तरी टणक राहणाऱ्या दाण्यांचं, प्रकरण थोडं वेगळं. त्यांची साल पाणी आत घेतच नाही. रात्रभर भिजूनही ते मूळच्याच आकाराचे, सुरकुती न पडलेले दिसतात. भिजलेलं कडधान्य परातीत पसरून ते तेव्हाच वेचून टाका. शिजल्यावर सापडतात ते दातालाच.

मीठ आधी, आंबट नंतर

बहुतेक घरांत याच्या बरोबर उलट चालतं. मीठ आधी घातलं तर दाणा कडक राहतो अशी भीती, आणि टोमॅटो, चिंच मात्र सुरुवातीलाच. खरं तर दाण्याचा शत्रू आंबट आहे, मीठ नव्हे.

आम्लात पेक्टिन विरघळायला तयार होत नाही. अर्धवट शिजलेल्या चण्यांत टोमॅटो घातला की त्यांचं मऊ होणं तिथेच रेंगाळतं. गूळ किंवा साखर लवकर घातली तरी तोच अनुभव येतो. म्हणून दाणा दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत आंबट-गोड काहीही घालायचं नाही. एकच दाणा दाबून ठरवू नका, भांड्याच्या वेगवेगळ्या भागांतले पाच घ्या. पाचही मऊ असतील तरच पुढे जा.

मिठाचं काम याच्या उलट. भिजवण्याच्या पाण्यात मीठ असेल तर त्यातलं सोडियम सालीतल्या काही कॅल्शियमची जागा घेतं. साल मऊ पडते, दाणा अखंड राहतो आणि चव आतपर्यंत पोचते. एक लिटर पाण्याला साधारण 15 ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा मीठ पुरतं. 8 ते 12 तासांनी हे पाणी ओतून द्या आणि दाणे धुऊन घ्या. रक्तदाबामुळे मीठ मोजून खावं लागत असेल, तर हा भाग सरळ वगळा. थोडं मीठ दाण्यात उतरतंच.

दरवेळी शिजायला फार वेळ लागत असेल आणि माल ताजा असेल, तर पाण्याकडे बघा. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं, म्हणजे जुन्या दाण्यात आतून जे होतं तेच इथे बाहेरून होतं. एकदा गाळणयंत्रातलं, क्षार काढलेलं पाणी वापरून पाहा. फरक पडला तर कारण सापडलं. चिमूटभर खाण्याचा सोडा हा दुसरा उपाय, आणि तो चालतो यात शंका नाही. पण त्याने बी1 जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि थोडा जरी जास्त पडला तरी साबणासारखी चव येते. एक कप कोरड्या कडधान्याला पाव छोट्या चमच्याच्या वर कधीही नको, आणि माल ताजा असून पाणीही जड नसेल, तर अजिबातच नको.

राजम्याच्या बाबतीत आळस नको

इतर चुकांनी जेवण बिघडतं. या चुकीने माणूस आजारी पडतो, म्हणून यावर जरा थांबते.

कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोराची मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. खळखळत्या उकळीने हे लेक्टिन नष्ट होतं. मंद, कोमट आचेने होत नाही. उलट साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही कितीतरी जास्त बाधू शकतो. तासन्‌तास मंद तापमानावर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात भिजवलेला राजमा थेट टाकणं धोक्याचं आहे ते यामुळेच.

पद्धत सोपी आहे. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताजं पाणी घाला आणि पूर्ण उकळी आल्यापासून 30 मिनिटं खळखळ उकळू द्या. नंतर हवं तर मंद भांड्यात घाला. प्रेशर कुकरचं तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे तिथे पूर्ण मऊ शिजवलेल्या राजम्याची काळजी नाही. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो. आणि राजम्याला मोड आणून तो कच्चा किंवा नुसता वाफवून खाऊ नका. मुगाला जे चालतं ते राजम्याला चालत नाही.

कुकर आणि उकळी

शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा. प्रत्येक कुकरची आणि आचेची शिट्टी वेगळी, त्यामुळे दुसऱ्याच्या चार शिट्ट्या तुमच्या कामाच्या नाहीत. पूर्ण दाब आल्यावर आच कमी करून भिजलेले काबुली चणे साधारण 12 ते 15 मिनिटं ठेवा आणि आपल्या कुकरचा अंदाज लिहून ठेवा. डाळी-कडधान्यांचा फेस फार येतो आणि तो वाफेच्या छिद्रात अडकू शकतो, म्हणून कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. चमचाभर तेलाने फेस कमी होतो. दाब आपोआप उतरू द्या. घाईने वाफ सोडली तर दाण्यातलं पाणी एकदम उसळतं आणि साल फाटते.

उघड्या भांड्यात शिजवत असाल तर राजमा सोडून बाकीच्यांना एक उकळी देऊन आच मंद करा. सतत खळखळत ठेवलं की दाणे एकमेकांवर आपटून फुटतात. मसूर आणि सोललेल्या डाळींना भिजवणं गरजेचं नाही. भिजवायचं विसरलात तर कडधान्य दोन मिनिटं उकळून झाकून तासभर ठेवा, रात्रभर भिजवण्याच्या बरंच जवळ जाता येतं.

पोट फुगतं म्हणून सोडून देणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त लागते, कारण यात माणसं चांगलं अन्न कायमचं बंद करतात. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या खातात आणि वायू तयार होतो. भिजवलेलं पाणी फेकल्याने यातला काही भाग निघून जातो, मोड आणल्याने आणखी कमी होतो. अर्धंकच्चं कडधान्य हमखास त्रास देतं. पण खरा उपाय म्हणजे सवय. महिन्यातून एकदा मोठं वाडगं खाण्याऐवजी रोज तीन-चार चमचे खा, सुरुवात सालीच्या राजम्याने न करता मसूर किंवा मुगाच्या डाळीने करा आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवा. आतड्याचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

लोह मिळावं म्हणून कडधान्य खाणाऱ्यांनी जेवणासोबत चहा-कॉफी टाळावी, लोह कमी शोषलं जातं. शिजल्यावर वरून पिळलेलं लिंबू उलट मदत करतं. आंबट शेवटी घालायचं हे आणखी एक कारण.

मोड आणताना

ऊब आणि ओल मोडांना लागते, तशीच जिवाणूंनाही. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूंनी पन्नासहून अधिक जणांचा जीव घेतला. घरचे मोड चिकट झाले, आंबूस वास आला, की टाकून द्या. दिवसातून दोन-तीनदा धुवा, पुरेसे लांब झाले की फ्रिजमध्ये ठेवा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांसाठी ते नीट शिजवूनच वाढा. कडक उन्हाळ्यात तर नुसतं भिजवणंसुद्धा फ्रिजमध्येच केलेलं बरं.

शिजून झाल्यावर

शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. चव आणि दाटपणा त्यात असतो. मूठभर दाणे चिरडून त्यात मिसळले की वेगळं काही घालावं लागत नाही. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. गोठवायचं असेल तर दाणे त्याच पाण्यात बुडवून गोठवा, कोरडे गोठवले तर फुटतात.

आणि आज टोमॅटो आधीच पडला असेल, दाणे कडक असतील, तर नवा मसाला घालत बसू नका. दाणे गाळून वेगळे काढा, ताज्या गरम पाण्यात सोड्याची अगदी बारीक चिमूट घालून कुकरमध्ये दहा मिनिटं द्या, आणि मऊ झाले की परत त्या रश्श्यात सोडा.