वॉरंटी संपली, इंजिन तेल पितंय?
आंबा घाट चढताना गाडीने निळा धूर सोडला. वॉरंटी संपून जेमतेम दोन महिने झालेले. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "आता खर्च तुमचा." घरी येऊन जुनी जॉब कार्डं (सर्व्हिसिंगच्या नोंदीचे कागद) काढली, तर वॉरंटीतच दोनदा "ऑइल कमी होतंय" लिहिलेलं! हाच खरा पुरावा. आमच्याकडच्या पावसात कागद भिजू देऊ नका. आधी कंपनीला लेखी पत्र, स्पीड पोस्टाने. फोनवरची गोड बोलणी काही कामाची नाहीत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार. तरी ढिम्म, तर रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादनातल्या दोषाला कंपनीला जबाबदार धरता येतं. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. दोष मुळातला हे मात्र आपल्यालाच दाखवावं लागतं, म्हणून इंजिन खोलण्याआधी फोटो काढा.