भुतांच्या रहस्यकादंबरीत या चुका टाळा

इंग्रज धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले आणि त्यांतल्या दुसऱ्याच नियमाने अतिमानुष शक्तींना मज्जाव केला. गुन्ह्याची उकल भूतच करणार असेल, तर वाचकाने पुरावे कशासाठी ध्यानात ठेवायचे? भुताखेतांचा छडा लावणारा नायक घेऊन शहरी अद्भुतरम्य रहस्यकादंबरी लिहिणारा लेखक हा नियम जाणूनबुजून मोडत असतो. त्याला माझी हरकत नाही. परंतु मोडलेल्या नियमाच्या जागी त्याने स्वतःचा तितकाच कडक नियम घातला पाहिजे, आणि नवोदितांच्या हस्तलिखितांत नेमका तोच सापडत नाही.

सर्वांत जास्त मनस्ताप देते ते कथानकाच्या सोयीप्रमाणे बदलणारे भूत. एका लेखन-कार्यशाळेत माझ्या हाती एक हस्तलिखित आले होते. गिरगावातली चाळ, पुनर्विकासाला विरोध करणाऱ्या वृद्ध भाडेकरूचा खून, आणि खोलीच्या उंबरठ्याला जखडलेले त्याचे भूत, ज्याला तो उंबरठा ओलांडता येत नाही. इथवरचे लेखन सरस होते. पुढे चाळ पाडली जाते आणि शेवटच्या प्रकरणात तेच भूत लोअर परळच्या टॉवरमध्ये बिल्डरच्या छातीवर बसून कबुली घेते. ते तिथे पोहोचले कसे, असे विचारल्यावर लेखकाने सांगितले, ‘सूडाने त्याचे बळ वाढले.’ हे उत्तर मी कधीच मान्य करत नाही, कारण त्या एका वाक्याने कोणत्याही पानावरची कोणतीही अडचण सुटते आणि मग रहस्य उरतच नाही. खरे उत्तर त्याच्याच पहिल्या प्रकरणात पडून होते. चाळी पाडल्या की जुन्या सागवानी चौकटी विकल्या जातात. उंबरठा चौकटीचाच भाग, तेव्हा चौकट जाईल तिथे भूत जाईल. मग नायकाला जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, पावत्या चाळाव्या लागतात, आणि पाडकाम सुरू होण्याआधीच ही एकच चौकट घाईघाईने कोणी उखडून विकली ते नाव समोर येते. भुताला घातलेल्या बंधनातूनच पुरावा निघाला. लेखकाला मात्र आणखी एक मसुदा लिहिण्याचा धीर नव्हता, आणि या प्रकारात घाई करणाऱ्याची कादंबरी नेहमी शेवटच्या तीन प्रकरणांत कोसळते.

दुसरी चूक याच्याच पाठीला पाठ लावून येते. ज्याचा खून झाला त्याचे भूत नायकाशी बोलते आणि तरीही खुन्याचे नाव तीनशे पाने सांगत नाही. का, ते लेखकालाही ठाऊक नसते. ‘मृतांना बंधने असतात’ एवढ्यावर भागवू नका. लेखनाला बसण्यापूर्वी मी भुताचा जबाब पोलीस ठाण्यात नोंदवतात तसा लिहून काढतो: काय पाहिले, काय नुसते ऐकले, घाव मागून बसला की पुढून, आणि कोणाला वाचवण्यासाठी तो खोटे बोलेल. आपल्या मुलावर संशय जाऊ नये म्हणून चुकीची वेळ सांगणारा मृत बाप मला कोणत्याही किंकाळीपेक्षा अधिक हलवून जातो.

आपल्या लोकसमजुतीतले भूत निवडताना त्याच्या मरणाकडे पाहा. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी गेलेला मुलगा, आणि त्याचा वास पिंपळावर, हडळ म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावलेली बाई, गिऱ्हा पाण्यातला. भुताची जात हीच त्याच्या मृत्यूची नोंद असते. अविवाहित म्हणून नोंदलेल्या तरुणीच्या खोलीत नायकाला हडळ भेटली, तर घरच्यांनी काय लपवले ते वाचकाने स्वतः ताडले पाहिजे. वेतोबाला मात्र खलनायक करू नका. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि मोठाल्या चपला वाहतात. तो गावाचा राखणदार आहे.

विद्युत्चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र खुणावले की भूत आले, असे लिहू नका, कारण जुन्या वायरिंगजवळ आणि मीटरबॉक्सशी ते असेही खुणावते. कॅमेऱ्यात दिसणारे प्रकाशगोल बहुधा भिंगाजवळची धूळ असते. कॉव्हेंट्रीचे अभियंते व्हिक टँडी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका प्रयोगशाळेतल्या भासांचे मूळ पंख्यामुळे निर्माण होणाऱ्या सुमारे १९ हर्ट्झच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींत दाखवले होते. असा एखादा खोटा माग पहिल्या शंभर पानांत जरूर ठेवा. नायक शंका घेतो हे दिसले, तरच पुढचे खरे भूत वाचकाला पटते.

शेवटी कायदा. संशयास्पद मृत्यूत प्रथम अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते. नायकाला घटनास्थळी कोणी सहज फिरू देत नाही. शिवाय महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणे किंवा कथित चमत्कार दाखवून लोकांना लुबाडणे हे त्याखाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हे आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत होऊ शकते. बहुतेक हस्तलिखितांत या कायद्याचा उल्लेखही नसतो, आणि हातची मोठी संधी वाया जाते: नायकावर खोटी फिर्याद ठोकून त्याला तपासातून दूर करणे खुन्याच्या सर्वाधिक सोयीचे असते.