छोट्या दृश्याचं बारकाईनं विश्लेषण करताय? या चुका टाळा

दोन-तीन मिनिटांच्या एका प्रसंगावर लिहायचं म्हटलं, की बहुतेक जण पहिल्याच परिच्छेदात चित्रपटाची गोष्ट सांगायला लागतात. असे लेख तपासताना मी समासात सर्वांत जास्त वेळा एकच प्रश्न लिहिते: हे तुम्हाला कशावरून कळलं?

एक कल्पित प्रसंग घ्या. ‘मुलगी घरी येते, वडील बोलत नाहीत, तिला वाईट वाटतं’ हे झालं कथानक. आता हे वाचा: ‘कॅमेरा खोलीत, वडिलांच्या मागे आहे. त्यांच्या पाठीनं अर्धी फ्रेम व्यापली आहे, मुलगी दाराच्या चौकटीत इवलीशी दिसते आणि नऊ सेकंद कट (एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणं) येत नाही.’ यानंतर तुम्ही म्हणालात, की इथला अबोला त्या पाठीत आणि त्या नऊ सेकंदांत आहे, तर वाचणारा ते स्वतः पडताळून पाहू शकतो.

आठवणीवर लिहिणं

आठवण शॉट (दोन कटांमधला सलग तुकडा) गाळते, दोन शॉट एकत्र करते, कधी नसलेला क्लोज-अपसुद्धा घालते. म्हणून आधी शॉटची यादी करा: क्रमांक, सेकंद, लाँग (लांबून) की मिड (मध्यम अंतरावरून) की क्लोज-अप (अगदी जवळून), कॅमेऱ्याची हालचाल, आवाज. दृश्य एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. हे कंटाळवाणं काम आहे, पण लेख त्यातूनच निघतो. यादी मात्र लेखात जशीच्या तशी उतरवू नका.

यादीतले आकडेही नीट वाचावे लागतात. दोन मिनिटांत २४ शॉट असतील तर सरासरी ५ सेकंदांची येते. पण पहिल्या मिनिटात ४ आणि दुसऱ्या मिनिटात २० शॉट असतील, तर लांबी सरासरी १५ सेकंदांवरून ३ सेकंदांवर आली. लय जिथे मोडली, तिथूनच लिहायला सुरुवात करा.

ठरीव अर्थ चिकटवणं

‘लो अँगल म्हणजे सत्ता, लाल म्हणजे धोका.’ असा कोश कुठेच नाही. लो अँगल, म्हणजे खालून वर पाहणारा कॅमेरा, कधी जमिनीवर बसलेल्या लहान मुलाच्या नजरेचा असतो, कधी फक्त छत दिसावं म्हणून घेतलेला असतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोवच्या प्रसिद्ध प्रयोगात एकच निर्विकार चेहरा सूपच्या थाळीशेजारी जोडला की भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी जोडला की शोकाकुल. अर्थ शेजारच्या शॉटवर अवलंबून असेल, तर एकटा शॉट उचलून त्याचा अर्थ कसा सांगणार? आधी काय होतं आणि नंतर काय आलं, हे लिहावंच लागेल.

कान बंद ठेवणं

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही. ध्वनीची बोळवण ‘पार्श्वसंगीतामुळे दृश्य अधिक करुण होतं’ एवढ्या एका वाक्यात होते. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मधला (१९५५) हरिहर परतल्याचा प्रसंग आठवा. त्याची मुलगी दुर्गा वारली हे त्याला ठाऊक नाही. तिच्यासाठी आणलेली साडी तो पत्नी सर्वजयेच्या हाती देतो आणि सर्वजया कोसळते. तिचा आक्रोश दिसतो, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या गजानं वाजवायच्या तंतुवाद्याचा आर्त सूर येतो. इथे संगीत आईच्या कंठाची जागा घेतं. ‘करुण संगीत’ एवढंच लिहिणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. म्हणून काय ऐकू येतं याच्याबरोबर काय ऐकू येत नाही, तेही नोंदवा. पावलं दिसतात पण वाजत नाहीत का? पुढच्या दृश्याचा आवाज कटच्या आधीच सुरू होतो का?

काही चुका पटकन दुरुस्त होतात. झूममध्ये कॅमेरा जागीच असतो, फक्त लेन्सची नाभीय लांबी बदलते. ट्रॅकमध्ये कॅमेरा स्वतः सरकतो, त्यामुळे जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांशी नातं बदलतं. दोन्हींना ‘कॅमेरा जवळ जातो’ म्हणू नका. ‘दिग्दर्शकाला दाखवायचं आहे’ हे शब्दही खोडा. त्यांच्या मनात काय होतं ते पडद्यावर नसतं. शॉट काय करतो ते असतं.

लेख अडला तर

अदलाबदल करून पाहा. सुरुवातीच्या कल्पित प्रसंगातला तो शॉट मुलीच्या चेहऱ्याचा क्लोज-अप असता तर? कट तीन सेकंद आधी आला असता तर? काय हरवलं असतं, याचं उत्तर बहुधा तुमच्या लेखाचा मुख्य मुद्दा असतो. उत्तर सापडलंच नाही, तर निवडलेला तुकडा मोठा झाला आहे; तो निम्मा करा.

लेख संपवण्याआधी प्रत्येक परिच्छेद वेगळा वाचा. चित्रपट न पाहता नुसता कथासार वाचलेला माणूसही जो लिहू शकला असता, तो परिच्छेद काढून टाका आणि मोकळ्या झालेल्या जागेत एखादा शॉट आणखी बारकाईनं लिहा.