बंडोपंतांची नखं

मी कासारीण. इंदूरला राजवाड्याजवळच्या एका गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे आणि गेली एकोणतीस वर्षं मी तिथे बायकांच्या हातात बांगड्या भरतेय. पक्ष्याची नखं कापण्याशी याचा काय संबंध, असं वाटेल. पण या कामात अवघड असते ती पकड. नेलकटर काय, कुणीही चालवतं.

चुडा भरताना नवरी घाबरून हात आवळते. तशात जोर केला की बांगडी वाढवते, वर काच लागते ती वेगळीच. म्हणून मी आधी अंगठ्याचा बुंधा चोळते आणि बोलत राहते, ‘सैल सोड गं हात, माहेर कुठलं तुझं?’ ती सांगू लागते, हात सैल पडतो, बांगडी सरकते. बंडोपंतांचंही तसंच आहे. फक्त त्यांना माहेर विचारता येत नाही.

बंडोपंत म्हणजे आमचा राखाडी कॉकटील, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. पक्ष्यांचे दुकानदार सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात, तोच. वजन ९२ ग्रॅम, लेकीच्या केकच्या काट्यावर मोजलेलं. जात मूळची ऑस्ट्रेलियाची, पण सकाळी पोह्यांची ताटली दिसली की तुरा ताठ! (देत नाही. मीठ आणि शेव त्याच्या पोटाचे नाहीत.) त्याची नखं कापते हे कळल्यावर गल्लीतल्या एक आजी पिंजऱ्यातला हिरवा मिठू घेऊन आल्या. त्यांना हात जोडले. आपले देशी पोपट घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

नखं कधी कापायची हे कॅलेंडर बघून ठरवू नका. पक्ष्याला टेबलावर, वर्तमानपत्रावर उभं करा. बोटं सपाट टेकली तर ठीक आहे. नखामुळे बोटाचं टोक वर उचललं जात असेल, किंवा खांद्यावरून उतरताना नख पदरात अडकत असेल, तर वेळ झाली. नुसती टोकं टोचतात म्हणून कापायची घाई नको. टोक काचकागदाच्या फाईलने दोनदा घासलं तरी पुरतं. फार आखूड कापलं तर दांडीवरची पकडच जाते आणि पक्षी रात्री धपकन खाली येतो. आणि नखं एकाएकी भराभर वाढू लागली, सोबत चोचही वाढली, तर कापत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. यकृत बिघडलं की असं होतं, बजरीगारमध्ये (ते चिमुकले रंगीत पोपट) जास्तच.

आता नखाच्या आत काय असतं ते. मधून एक रक्तवाहिनी येते आणि टोकाच्या थोडं अलीकडे थांबते. आमची दुसरी, पिवळी सोनी, तिची नखं फिकट आहेत. उजेडात धरली की आतली गुलाबी रेघ स्पष्ट दिसते, तिच्यापासून दोन मिलिमीटर सोडून कापलं की झालं. बंडोपंतांची नखं मात्र काळी. मोबाइलचा टॉर्च मागून धरला तर कधी सावली दिसते, कधी काहीच नाही. अशा नखाचं फक्त वळलेलं, सुईसारखं बारीक टोक घ्यायचं, तेही एकेक मिलिमीटर. नख फार वाढलेलं असेल तर आतली शीरही पुढे सरकलेली असते. एका बैठकीत नीट करायचा हट्ट धरू नका. दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं घेत गेलं की शीरही मागे हटते.

सामान थोडंच लागतं: लहान बाळांचं नेलकटर (धारदार हवं, बोथट असलं की नख चिरडून फाटतं), फाईल, वाटीत चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि एक जुना मऊ पंचा. टर्किश टॉवेल नको. त्याच्या फासांत नख अडकतं आणि पक्षी ओढून पाय दुखावून घेतो. कॉर्नफ्लोअर आधीच वाटीत काढून ठेवा, डबा ओट्यावर आहे यावर विसंबू नका. का, ते पुढे सांगते.

वेळ संध्याकाळची. पंखा बंद, आणि पाती थांबेपर्यंत पिंजरा उघडायचा नाही. खिडक्या लावा, आरशावर कपडा टाका, मंद दिवा ठेवा. कमी उजेडात पक्ष्याला नीट दिसत नाही, म्हणून तो फार धडपडत नाही. कापणाऱ्याच्या हातापाशी मात्र टॉर्च हवा. मे महिन्यातल्या दुपारी हे काम काढू नका. पंख्याशिवाय, पंच्यात गुंडाळलेला पक्षी लगेच तापतो.

पकड अशी. पंचा हातावर घेऊन मागून अलगद पक्षी झाकायचा. अंगठा आणि मधलं बोट त्याच्या गालांच्या दोन बाजूंना, जबड्याच्या खाली येतील, तर्जनी डोक्यावर. एवढीच पकड, कारण डोकं आवरलं की चोच आवरली. बाकीचं अंग पंच्यात नुसतं ठेवायचं. छातीवर दाब अजिबात नको. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आतबाहेर होते. ते दाबून धरलं तर नाक उघडं असूनही तो गुदमरतो. माझ्या तळहाताला त्याची छाती हलताना लागत राहते, आणि लागलीच पाहिजे.

मग पाय. पुढे दोन बोटं, मागे दोन, म्हणजे एकूण आठ नखं. अख्खा पाय धरू नका. एक बोट घ्या, दोन चिमटींत, शेवटच्या पेराजवळ. तो ओढेल. तेव्हा आपण ओढायचं नाही, सोडायचंही नाही. हात त्याच्याबरोबर जाऊ द्यायचा. दोन-तीनदा असं झालं की बोट सैल पडतं. चिमटीला ते कळतं, जसं मनगट सैल पडलेलं कळतं. त्या क्षणी ‘आता’ म्हणायचं आणि दुसऱ्याने कट् करायचं. आमच्याकडे मी धरते, लेक कापते. एकट्याने करू नये.

पहिल्यांदा मात्र उलटं होतं. धरायला आमचे हे, कापायला मी. यांनी लिंबू पिळावं तशी मूठ आवळली, बंडोपंतांनी पाय झटकला आणि मागचं नख जास्त गेलं. पंच्यावर लाल ठिपका, मग दुसरा, तिसरा. हे हळद आणायला धावले आणि मी ‘दाबू नका, दाबू नका’ म्हणत राहिले. शेवटी लेकीने मंचुरियनसाठी आणलेल्या कॉर्नफ्लोअरचा डबा शोधला, चिमूटभर नखाच्या टोकावर दाबलं आणि मी मनात शंभर मोजले. थांबलं. पीठ तसंच राहू द्यायचं, पुसलं की खपली निघते. मग पिंजऱ्याच्या तळाला पांढरा कागद घातला, म्हणजे नवा थेंब पडला तर दिसेल, आणि तासभर अंधार ठेवला.

एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त असतं आठ-नऊ मिलिलिटर. चहाचे दोन चमचेसुद्धा भरत नाहीत. दोन-चार थेंबांनी काही होत नाही, पण दहा मिनिटं दाबूनही वाहत राहिलं तर लगेच डॉक्टरांकडे निघा. पक्षी तपासणारे डॉक्टर आधीच हुडकून ठेवा, सगळेच पक्षी बघत नाहीत. आमच्या बाजूला महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

नखं कापत असताना तो चोच उघडी टाकून धापा टाकू लागला, किंवा श्वासाबरोबर शेपटी वरखाली होऊ लागली, तर चार नखं राहिली असली तरी सोडून द्या. तसंही तीन मिनिटांपलीकडे मी धरत नाही.

सोनीला तर आता पंचाच लागत नाही. ती पिंजऱ्याच्या जाळीला लटकते, मी आतून कांगणीचं कणीस, म्हणजे आपलं राळं, पुढे धरते, आणि लेक बाहेरून जाळीतून आलेलं एक टोक उडवते. दिवसाला एकच. सवय लावायला दोन महिने गेले.

नखं लवकर वाढायचं एक कारण पिंजऱ्यातच असतं: सगळ्या दांड्या गुळगुळीत आणि एकाच जाडीच्या. आम्ही पेरूच्या फांद्या घातल्या, जाड-बारीक, सालीसकट, घासून धुऊन उन्हात वाळवलेल्या. तेव्हापासून दोन कापण्यांतलं अंतर जवळजवळ दुप्पट झालंय. दांडीवर चढवायची काचकागदाची नळी विकतात, ती घेऊ नका. नखं राहतात तशीच, तळवे मात्र सोलवटतात.

काल बंडोपंतांची सात झाली. आठव्याला शेपटी हलायला लागली, म्हणून सोडलं. ते जाऊन वरच्या फांदीवर आमच्याकडे पाठ करून बसले. उजव्या पायाचं मागचं एक राहिलंय, ते आता रविवारी.