ट्रान्समिशनच्या व्यवहारात सगळ्यांची एकच पद्धत कशी बसवायची

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडचा टॉवेल कारखानदार असो नाहीतर चिंचोळी एमआयडीसीतली मोठी कंपनी, ओपन ॲक्सेसनं, म्हणजे वितरण कंपनी सोडून दुसऱ्याकडून विकत घेऊन आहे त्याच लाइनींवरून, वीज घ्यायची म्हटलं की सगळे आधी दर विचारतात. दर बोलून ठरतो ओ, खरी अडचण त्याच्यानंतर चालू होते, म्हणजे अर्जात काय लिहायचं, कुठल्या मीटरचं रीडिंग धरायचं, लॉस, म्हणजे लाइनीत वाटेत वाया जाणारी वीज, कसा काढायचा, आणि प्रत्येक टेबलावर उत्तर वेगळं मिळतं. ट्रान्समिशनच्या, म्हणजे मोठ्या दाबानं लांबवर वीज नेणाऱ्या लाइनी भेदभाव न करता सगळ्यांना वापरायला द्यायच्या असं २००३ चा वीज कायदा सांगतो, चार्जेस आणि नियम वीज नियामक आयोग ठरवतो, पण रोजचं काम नेमकं कसं करायचं हे लिहून ठेवलेलं नसलं की कुणी मुद्दाम न करताही भेदभाव होतोच. ट्रान्समिशन कंपनीत, लोड डिस्पॅचला (ग्रिडवर कुणी कधी किती वीज सोडायची ते सांभाळणारं केंद्र) किंवा कारखान्याच्या बाजूनं हे काम बघणाऱ्यांसाठी लिहितोय.

अमेरिकेत हेच झालेलं. तिथल्या केंद्रीय आयोगानं, फर्कनं, १९९६ मध्ये ८८८ आणि ८८९ नंबरच्या ऑर्डर काढल्या, की लाइनमालकानं स्वतःला लावतो त्याच अटीवर दुसऱ्याला लाइन द्यायची आणि किती जागा शिल्लक आहे ते सगळ्यांना दिसेल असं ऑनलाइन टाकायचं. नियम एक झाला पण कंपन्यांच्या पद्धती वेगवेगळ्याच राहिल्या. पुढं नेस्बी नावाच्या संस्थेत जनरेशन, ट्रान्समिशन, ट्रेडर, वितरण, ग्राहक असे सगळे एकत्र बसून कामाच्या पद्धती लिहायला लागले आणि २००६ च्या ६७६ नंबरच्या ऑर्डरनं फर्कनं त्या बंधनकारक केल्या. आपण घ्यायचं ते एवढंच, की आयोगाचा नियम हा एक कागद आणि रोजची कार्यपद्धती हा दुसरा कागद, दुसरा कागद काम करणाऱ्या सगळ्यांनी मिळून लिहायचा आणि आयोगाकडून मंजूर करून घ्यायचा. नुसतं आतलं सर्क्युलर काढून भागत नाही, साहेब बदलला की ते कपाटात जातं.

सुरुवात नावांपासून करा. अर्जात वीज सोडायचं ठिकाण म्हणून नुसतं 'सोलापूर' लिहिलं तर कुठलं सोलापूर? केंद्राच्या पॉवरग्रिड कंपनीचं ७६५ केव्हीचं सबस्टेशन आहे, ज्याच्यावर आलेल्या रायचूर-सोलापूर लाइननं ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाला जोडला गेला. राज्याच्या महापारेषण कंपनीचं ४०० केव्ही लांबोटी सबस्टेशन आहे. एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प आहे, त्याचं स्वतःचं स्विचयार्ड आहे. तिन्हीकडं मालक वेगळा, आणि कुठल्या हद्दीत वीज सुटली यावर आंतरराज्य लागतं का राज्यातलं, कुठले चार्जेस, कुठला लॉस हे ठरतं. म्हणून सबस्टेशन, व्होल्टेज, मालक, फीडर आणि मीटर नंबर मिळून प्रत्येक पॉइंटला एकच कोड द्या, आणि अर्ज, शेड्यूल (कुठल्या वेळी किती वीज द्यायची त्याचा तक्ता), बिल तिन्हीकडं तोच कोड छापा. एक्सेलमध्ये हातानं नाव टाइप करायची सवय बंद करा, हे मी हात जोडून सांगतो, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

मग वेळ. आपल्याकडं दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात. आता '१०:१५' असं लिहिलेला आकडा १० ते सव्वादहाचा का सव्वादहा ते साडेदहाचा? एका बाजूच्या सॉफ्टवेअरनं ब्लॉक संपल्याची वेळ छापली आणि दुसऱ्यानं सुरू झाल्याची, की पूर्ण दिवस एक ब्लॉक सरकतो. महिन्याची बेरीज जवळपास तीच येते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण सोलर असेल तर सकाळी वीज चढताना आणि संध्याकाळी उतरताना प्रत्येक ब्लॉकला डेव्हिएशन, म्हणजे शेड्यूलपेक्षा फरक, दिसतो आणि पैसे लागतात. उपाय साधा आहे, घड्याळाची वेळ लिहायचीच नाही, ब्लॉक नंबर लिहायचा, १० ते सव्वादहा म्हणजे ४१ नंबर, विषय संपला. मीटरचं घड्याळ किती दिवसांनी तपासायचं, किती सेकंदांपर्यंत फरक चालेल आणि जास्त निघाला तर मागचा डेटा कसा दुरुस्त करायचा हेही तिथंच लिहा.

युनिटचा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो आणि खाल्लाच पाहिजे. एक मेगावॉट म्हणजे एका ब्लॉकमध्ये २५० युनिट, शेड्यूल मेगावॉटमध्ये असतं आणि मीटर युनिट दाखवतो, तर रूपांतर कुठल्या टप्प्यावर करायचं आणि किती दशांशावर राउंड करायचं ते एकदाच ठरवा. महाराष्ट्रात एचटीचं, म्हणजे उच्च दाबाच्या ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या विजेवर) आहे, जनरेटरकडचा आकडा मात्र केडब्ल्यूएचमध्ये (साध्या युनिटमध्ये) येतो, म्हणून फॉर्ममध्ये प्रत्येक आकड्याशेजारी तो कशातला आहे ते छापलेलंच असू द्या. आणि लॉस. समजा हिशेबाला ३ टक्के धरला आणि कारखान्याला १० लाख युनिट पोचवायचे आहेत. एक जण १० लाखाला १.०३ नं गुणतो, १०,३०,००० येतात. दुसरा ०.९७ नं भागतो, १०,३०,९२८ येतात. लॉस पाठवलेल्या युनिटवर मोजायचा असेल तर भागायचंच, तरी दोन्ही पद्धती चालताना दिसतात आणि ९२८ युनिटांसाठी पत्रापत्री होते. सूत्र लिहा आणि त्याच्याखाली सोडवलेलं एक उदाहरण द्या, उदाहरण नसलं तर प्रत्येक जण सूत्र आपल्या मनानं वाचतो.

मल्टिप्लाइंग फॅक्टरचंही तसंच, म्हणजे मीटरच्या आकड्याला ज्यानं गुणलं की खरे युनिट येतात त्या आकड्याचं. ३३ केव्हीला पीटी (मीटरसाठी व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) ३३०००/११० आणि सीटी (करंट कमी करणारा) १००/५ असेल तर ३०० गुणिले २०, म्हणजे ६०००. लोड वाढला म्हणून सीटी २००/५ चा बसवला आणि बिलिंगला कळवलंच नाही तर तिथं अर्धेच युनिट दिसत राहणार, आणि नंतर एकदम रिकव्हरी निघाली की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. सीटी बदलला त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सह्यांचा एक पानी रिपोर्ट आणि नवा फॅक्टर कुठल्या ब्लॉकपासून लागू ते त्याच्यावर, एवढं सक्तीचं करा.

अर्जांच्या रांगेत वाद होतो तो अपूर्ण अर्जावरून. २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांनी कमीत कमी लोडची मर्यादा १०० किलोवॉटवर आणली आणि १५ दिवसात निर्णय नाही झाला तर तांत्रिक अटी पूर्ण असल्यास मंजूर समजायचं असं सांगितलं. पण आज एक त्रुटी, आठ दिवसांनी दुसरी, मग तिसरी असं काढत बसलं तर १५ दिवसाला अर्थ काय राहिला? कार्यपद्धतीत लिहा की सगळ्या त्रुटी एकाच वेळी कळवायच्या, अर्ज आल्याचा शिक्का मिनिटासकट पडायचा, आणि त्रुटी भरून दिल्यावर रांगेतली जागा मूळ तारखेची का नव्या तारखेची ते स्पष्ट सांगायचं. माझं मत, किरकोळ कागद असेल तर मूळ तारीख राहावी, बँक गॅरंटीच नसेल तर नवी.

आउटेजची, म्हणजे लाइन बंद ठेवण्याची, माहिती सगळ्यांना एकाच वेळी गेली पाहिजे. कायद्यानं ट्रान्समिशन लायसन्सीला आणि लोड डिस्पॅचला विजेचं ट्रेडिंग करायला बंदी आहेच, तरी ओळखीच्या माणसाला लाइन बंदची बातमी आदल्या दिवशी फोनवर कळली तर त्याचा फायदा झालाच की. वेबसाइटवर टाकल्याशिवाय तोंडी सांगायचं नाही, एवढी एक ओळ पुरे.

मसुदा झाला की लगेच लागू करू नका. मागच्या वर्षातला एक महिना घ्या, शक्यतो पावसाळ्यातला, कारण तेव्हा सोलर खाली-वर होतं. त्या महिन्याचा मीटर डेटा ट्रान्समिशनच्या एका माणसाला आणि कारखान्याच्या एका माणसाला द्या, एकमेकांशी न बोलता दोघांनी मसुदा वाचून बिल काढायचं. जिथं आकडे जुळत नाहीत तिथलं वाक्य परत लिहा आणि परत काढायला लावा. जुळलं की मसुद्यावर आवृत्ती नंबर आणि लागू होण्याची तारीख टाका, तारीख शक्यतो महिन्याची एक तारीख, ब्लॉक १ पासून.