फारकतीचा बाँड आणि थकलेली खावटी : या चुका टाळा

तालुक्याच्या कोर्टाबाहेर अर्जनविसाच्या टेबलापाशी एखादी बाई पन्नीत गुंडाळलेला कागद काढते. "फारकत तं झाली ना ताई आमची. हा पाहा बाँड." बाँड आताचा असेल तर पाचशेचा, जुना असेल तर शंभराचा. खाली दोघांच्या सह्या, पाच पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का. विधी स्वयंसेवक म्हणून मी असे कागद इतके पाहिलेत, की शिक्का दिसला की पुढची गोष्ट कळतेच.

या बाँडाने घटस्फोट होत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 चा, बौद्धांनाही तोच लागू, आणि त्यात, जातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाल्याचा अपवाद सोडला तर, घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. बाँडाच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न बेकायदेशीर ठरतं. वरून खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या, केसमध्ये नवरा हाच कागद पुढे करतो : "ती राजीखुशीनं वेगळी राहते." राजीखुशीनं वेगळ्या राहणाऱ्या बायकोला खावटी नाकारता येते. गोंड, कोलाम, कोरकू यांच्यासारख्या अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांची पंचायतीतली फारकत रूढी म्हणून टिकू शकते, पण रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते.

दुसरी चूक म्हणजे वकिलाच्या फीसाठी डोरलं मोडणं किंवा केसच न करणं. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच बसते, हेल्पलाइन 15100. समितीने दिलेल्या वकिलाने पैसे मागितले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करा, लाजू नका. आणि सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. सासर चिखलीला आणि माहेर दारव्ह्याला असेल, तर माहेरी राहणाऱ्या बाईला खावटीचा अर्ज दारव्ह्याच्या कोर्टातच करता येतो.

आता तडजोड. आपसी संमतीच्या घटस्फोटाला आधी एक वर्ष वेगळं राहणं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं. या मधल्या काळात दोघांपैकी कुणीही माघार घेऊ शकतं. म्हणून सगळी रक्कम आधी देऊ नका आणि सगळ्या सह्याही आधी करू नका. शेवटच्या जबाबाच्या दिवशी कोर्टासमोर डिमांड ड्राफ्ट, हे दोघांच्याही सोयीचं. "कापूस विकला की देतो" असं तडजोडीत लिहून घेणारे वकील मला भेटलेत. कोणत्या सालचा कापूस? रक्कम, तारीख, खाते क्रमांक, हप्ता चुकला तर काय, सगळं लिहा. आंदणाच्या भांड्यांची यादीसुद्धा जोडा. "मला काही नको" असं आईने लिहून दिलं तरी लेकराचा हक्क त्याने बुडत नाही. चारशे अठ्ठ्याण्णवची, म्हणजे जुन्या कलम 498-अ ची सासरच्या छळाची, केस तालुक्यात मागे घेता येत नाही, त्यासाठी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जावं लागतं, म्हणून तो खर्च कोण करणार तेही ठरवा.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते मात्र निकालानंतर. हुकूम झाला, पेढे वाटले, आता पैसे येतील म्हणून बाई वाट पाहते. कोर्ट आपणहून वसुली करत नाही. खावटीच्या थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. खावटीचं हे कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं 125, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं 144. समजा महिना 3,000 ठरले आणि अडीच वर्षं दमडी आली नाही. आज अर्ज केला तर शेवटच्या बारा महिन्यांचे 36,000 या वाटेने मिळतील, आधीचे 54,000 राहिले. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातल्या एकरकमी रकमेच्या दरखास्तीला, म्हणजे वसुलीच्या अर्जाला, 12 वर्षांची मुदत असते. लोक या दोन मुदतींची गल्लत करतात.

"जेलात जाऊन आलो, हिशेब चुकता," असं सांगणारे नवरेही असतात. चुकता होत नाही. कैद पैसे द्यायला लावण्यासाठी असते आणि बाकी तशीच राहते, हे सुप्रीम कोर्टाने 1988 मध्येच स्पष्ट केलं आहे.

"शेत बाच्या नावावर हाय" हे उत्तरही ठरलेलं. मग सातबाराशिवाय जे सापडेल ते जमवा : बाजार समितीची पट्टी, जिनिंगच्या पावत्या, पीक कर्जाची नोंद, गाडीचा नंबर. 2020 पासून खावटीच्या केसमध्ये दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते खोटं पाडायला हेच कागद लागतात. नवरा नोकरीत असेल तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात मालकाला थेट पगारातून रक्कम द्यायचा हुकूम मागता येतो.

निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लगेच काढा आणि आलेल्या, न आलेल्या प्रत्येक महिन्याची नोंद वहीत ठेवा. वर्ष उलटायच्या आत अर्ज टाकायचाच, पण त्यातही हंगाम बघा. पेरणीच्या तोंडावर जूनमध्ये वसुलीला कुणी गेलं तर घरात काय सापडणार? वसुलीचं वॉरंट डिसेंबर-जानेवारीत, कापूस जिनिंगला जातो तेव्हा हातात पडेल, अशा बेताने अर्ज टाका.