जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डवर मोठा टर्बो, खिसा सांभाळून

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जुन्या बाजारात मिळून जातो. अडतं ते मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनाच्या हेडमधला धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या भागापाशी. टर्बोचा पाय मोठा, मॅनिफोल्डचं तोंड लहान, आणि दोघांची छिद्रं काही केल्या एकमेकांवर येत नाहीत. मग कुणीतरी सल्ला देतं, "स्टेनलेसचे पाइप वळवून नवाच कर." करता येतो, पण हिशेब बघा. ४०० मिमी लांबीचं बीड ६०० अंशांनी तापलं की अडीच मिमीच्या आसपास वाढतं. ३०४ स्टेनलेस तेवढ्याच तापाला चार मिमी वाढतं. ही ओढाताण सोसायची वेल्डने, आणि वर टर्बोचं ओझंही पेलायचं. स्वस्तात केलेला पाइपचा मॅनिफोल्ड वेल्डशेजारी फुटतो तो यामुळेच. कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड जड आणि कुरूप असेल, पण टिकतो. तो ठेवायचा आणि मध्ये दोघांची छिद्रं जुळवणारी एक अ‍ॅडॉप्टर प्लेट घालायची.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. माझी २५२३ सीसीची जुनी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल जीप रस्त्यावर चालत नाही, ट्रेलरवरून चिखलाच्या ट्रॅकवर जाते. रोजच्या गाडीवर हा उद्योग करू नका. आणि पंपातून डिझेल वाढवणार नसाल तर मोठ्या टर्बोने फक्त लॅग, म्हणजे पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा वेळ, वाढतो.

टर्बो आणि मॅनिफोल्ड तपासा. टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा थोडा हलला तर चालेल, पुढे-मागे जाणवण्याइतका सरकला तर टर्बो तिथेच ठेवून या. मॅनिफोल्ड काढताना स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) अडले तर जोर लावू नका. गरम करा, तेल सोडा, थांबा. निघाल्यावर तारेच्या ब्रशने घासा आणि हेडकडच्या बाजूवर सरळ पट्टी धरून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. ०.१५ मिमीचं पान खाली सरकलं तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्या. आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगरात हे काम होतं. तुमच्या गावात हेड फेसिंग करणारा कुणीही करून देईल.

पुठ्ठ्याचा साचा. मॅनिफोल्डच्या तोंडाला काळं ग्रीस लावून त्यावर पुठ्ठा दाबा, ठसा उठतो. टर्बोच्या पायाचाही तसाच घ्या. दोन्ही ठसे एकमेकांवर ठेवून फिरवत राहा आणि कुठल्या कोनात छिद्रं एकमेकांना खेटत नाहीत ते शोधा. माझा एक पूर्ण रविवार यात गेला, पण या कामातला सगळ्यात स्वस्त रविवार तोच. साच्यावरून टर्बो कुठे येईल तेही कळतं. बॉनेट, चेसिस आणि ब्रेकच्या नळीपाशी शाडूच्या मातीचे गोळे चिकटवून टर्बो जागेवर धरा. माती जिथे बोटभरापेक्षा पातळ दबली, तिथे जागा कमी आहे.

प्लेट. पाच सुती, म्हणजे १६ मिमीची माइल्ड स्टील प्लेट घ्या. १२० मिमी चौरस तुकडा पावणेदोन किलोच्या आसपास भरतो आणि भंगारात वजनावर मिळतो. पातळ प्लेट घेऊ नका, कारण आटे याच जाडीत पाडायचे आहेत. टर्बो धरणाऱ्या एम१० (१० मिमी जाडीच्या) स्टडला पोलादात निदान १५ मिमी आटे हवेत.

मॅनिफोल्डला प्लेट एम८ अ‍ॅलन बोल्टने धरते. या बोल्टचं डोकं ८ मिमी उंच असतं, म्हणून काउंटरबोअर, म्हणजे डोकं बसायचा रुंद खळगा, साडेआठ मिमी खोल करा. डोकं आत बुडतं, वरून टर्बोचा पाय बसतो आणि बोल्टला सुटून बाहेर यायला वाटच राहत नाही. दुकानदार इथे १२.९ ग्रेडचा काळा बोल्ट पुढे करेल. तो ताणाला भारी, पण त्याचं टेंपरिंग (कडक पोलाद पुन्हा तापवून चिवट करणं) ४०० अंशांच्या आसपासचं असतं. इथला ताप त्याच्या वर गेला की तो मऊ पडतो. त्यापेक्षा स्टेनलेसचा बोल्ट घ्या आणि आट्यांना निकेलचं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा.

मधलं भोक मॅनिफोल्डकडून टर्बोकडे उमलत गेलं पाहिजे. प्लेटचं तोंड मॅनिफोल्डपेक्षा लहान नको आणि टर्बोपेक्षा मोठं नको. वायू लहानातून मोठ्यात गेला तर फारसं बिघडत नाही, पण काठावर आदळला तर दाब उगाच वाया जातो. डाय ग्राइंडरवर कार्बाइड बर लावून बिडाचं तोंडही थोडं उघडा, फक्त भिंत ४ मिमीच्या खाली नेऊ नका. शेवटी प्लेटच्या दोन्ही बाजू सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घ्या. इथे पैसे वाचवू नका.

तडा असेल तर. वेल्डिंग शक्यतो टाळा. करावंच लागलं तर तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीची छिद्रं पाडा, मॅनिफोल्ड २५०-३०० अंशांपर्यंत तापवा, निकेल रॉडने एका वेळी इंचभरच शिवण घाला आणि गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलकं ठोका. मग थंड करणं. माझा पहिला मॅनिफोल्ड वेल्ड होऊन फरशीवर पडला होता, बाहेर पाऊस, दार उघडं. चहा अर्धा संपला आणि "टण्‌" आवाज आला. शिवणीला समांतर, केसाएवढी रेघ. दुसऱ्या वेळी गुऱ्हाळावरून पोतंभर कोरडी राख आणली, मॅनिफोल्ड तिच्यात पुरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावला नाही.

जोडणी. टर्बोची मधली बॉडी अशी फिरवा की तेलाची परतीची नळी खाली उतरेल. उभ्या रेषेपासून ३५ अंशांहून जास्त कलली तर तेल तुंबतं, सीलमधून गळतं, आणि लोक टर्बोला दोष देतात. नळीत कुठेही पोट नको. गॅस्केट थरांच्या पोलादी पत्र्याचं घ्या. प्लेटच्या आधी, मॅनिफोल्डच्या पोटात धुराचा ताप मोजणाऱ्या के-टाइप थर्मोकपलसाठी एक छिद्र आत्ताच पाडून ठेवा. नंतर पाडलं तर बिडाचा चुरा थेट टर्बाइनमध्ये जातो. चढावर त्याचा काटा ७०० अंशांना टेकला की पाय उचला.

पहिला स्टार्ट. टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ इंजिन ऑइल ओता. डिझेल बंद ठेवून थोडा थोडा स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग इंजिन चालू करून पाच मिनिटं आयडलवर ठेवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनदा करा. त्यानंतर टर्बो उतरवून आतले अ‍ॅलन बोल्ट पुन्हा आवळा. कंटाळवाणं आहे, पण त्या वेळी प्लेटच्या कडा नीट बघून घ्या. जिथे गळती असते तिथे काजळीचा छोटा पंखा उमटलेला दिसतो. माझ्या प्लेटवर तो खालच्या उजव्या कोपऱ्यात होता, नेमका ज्या कोपऱ्यावर मी ग्राइंडरवाल्याला "राहू दे, चालतंय" म्हणालो होतो.